खोड आधी सांगावी

घोडेगाव, ता. नेवासा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. राजनंदिनीस तात्याचा आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? घसा बसला होता तो सुटला का? तिकडं इंग्लंडात दवाखान्यात बारा-बारा तास उभं राहून पाय सुजतात म्हणाली होतीस, ते मिठाच्या गरम पाण्यात घालून बसतेस की नुसतं हो-हो करतेस? तुझ्या खोलीत राहणारी ती केरळची मुलगी, तिच्या आईचं ऑपरेशन पार पडलं का? आणि तू ठरवलेल्या त्या मुलाची, डेक्लनची, पाठ कशी आहे? अँब्युलन्सवर माणसं उचलून भरली होती असं तुझी आई सांगत होती. त्याची आजी मॉरीनबाई एक्याऐंशीची आहे म्हणे. तिचे गुडघे कसे आहेत? सगळ्यांचं विचारलं. आता कोणी म्हणायला नको की तात्यानं पाहुण्यांची विचारपूससुद्धा केली नाही.

इकडं आम्ही बरे आहोत. गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या आईचा डावा हात थंडी पडली की मनगटात ठणकतो, तिळाचं तेल चोळते आणि अंगणवाडीत जाते. माझ्याशी कामापुरतं बोलते, पण ते काही नवं नाही.

दिवाळीत तू फोनवर म्हणालीस, "तात्या, मी बैल विकत घेत नाहीये," आणि फोन ठेवलास. तेव्हापासून आईशी तासभर बोलतेस, आणि मी फोन हातात घेतला की तुमच्याकडची रेंज जाते. त्या रेंजला माझंच वावडं कसं? म्हणून कागद घेतला. कागदाची रेंज जात नाही.

बाळ, चाळीस वर्षं घोडेगावच्या बाजारात दलाली केली. शाळा दुसरीपर्यंत, वाचायला शिकलो ते बाजाराच्या पावत्यांवरून. पण जनावराच्या जबड्यात बोट घातलं की त्याची कुंडली सांगायचो. दात घासून वय चोरलेला बैल, शिंग रंगवलेला बैल, भांग पाजून गरीब केलेला मारका बैल, सगळे बघितले. रंभाजी दलालानं हात फिरवला म्हटल्यावर लोक डोळे झाकून दावं हातात घ्यायचे. आणि माझी नात मे महिन्यात ज्या घरात जाणार, त्या घराचं मूळ गाव मला ठाऊक नाही! तू म्हणतेस, तात्या या, लग्नात बापाच्या जागी उभे राहा. मी म्हणतो, चौकशी झाल्याशिवाय पासपोर्टच्या फॉर्मवर माझी सही होणार नाही. एवढंच तर आपलं भांडण.

तुझ्या आईच्या वेळी आपण फसवले गेलो. तेव्हा सात पिढ्या बघितल्या, देवक बघितलं, पाटाचं पाणी बघितलं, तरी फसवले गेलो. इथं तर काहीच बघितलेलं नाही.

सहज विचारतो, राग मानू नकोस. त्यांचं मूळ गाव कोणतं? आणि त्यांच्यात देवकासारखं काही असतं का?

तुझा,
तात्या


घोडेगाव
९ डिसेंबर २०२४

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही, पण डेक्लननं केलेला वंशाचा तक्ता तुझ्या आईच्या मोबाईलवर आला. म्हणजे माझं पत्र पोचलं, आणि पोराला कामाला लावलंस. बरं झालं. तक्ता इंग्रजीत, म्हणून नेवाशाला विजयमालाबाईंकडं गेलो. तुझ्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई, आता रिटायर झाल्यात, जीभ मात्र अजून नोकरीत आहे. म्हणाल्या, "या तात्या. कोणतं जनावर आणलंय?"

पोरानं मेहनत केली आहे, नाही म्हणत नाही. चर्चची बाडं, शिरगणतीचे कागद, सगळं धुंडाळलं. त्याच्यापासून वर मोजत गेलं की बरोबर सातवा माणूस पॅट्रिक. आयर्लंड सोडून समुद्र ओलांडून इंग्लंडच्या उत्तरेला कोळशाच्या खाणीवर आला, आणि तेव्हापासून सगळे पुरुष त्याच एका खाणगावात. खाण बंद पडली तेव्हा डेक्लनचे वडील तरणे होते. इथपर्यंत ठीक.

पण आता माझं ऐक. १८५१ च्या शिरगणतीत पॅट्रिकचं जन्मस्थळ आयर्लंड. दहा वर्षांनी, १८६१ ला, तोच पॅट्रिक, तीच बायको, तीच पोरं, आणि जन्मस्थळ तिथलंच, खाणीच्या शेजारचं गाव! पुढं मरेपर्यंत तेच. बाईंना म्हटलं, "माणसाचं वय दहा वर्षांनी वाढतं, कबूल. जन्मगावपण सरकतं का?"

बाई म्हणाल्या, "लिहिणाऱ्या कारकुनाची चूक असेल."

"एकदा झाली तर कारकुनाची. तीनदा झाली तर मालकाची."

बाजारात एखादा माणूस दावणीला बैल बांधतो आणि 'घरचाच आहे' म्हणतो, गाव विचारलं की मान वळवतो. तो बैल चोरीचा असतो, नाहीतर गावानं हाकललेला. जो आपलं गाव लपवतो त्यानं त्या गावात काहीतरी करून ठेवलेलं असतं. हे माझं चाळीस वर्षांचं गणित आहे.

दुसरी गोष्ट. तक्त्याबरोबर मॉरीनबाईंचा स्वयंपाकघरातला फोटो आहे. बाई गोड दिसते. पण तिच्या डोक्यावर, आतल्या दाराच्या चौकटीला, सुक्या गवताची चार टोकांची गाठ टांगलेली आहे. दार अर्धं उघडं आहे, आत अंधारी खोली, आणि तिथं भिंतीवर तसल्याच जुन्या, काळ्या पडलेल्या गाठी, दहा-बारा तरी असतील. मी भिंग लावून मोजल्या. कसल्या आहेत? मी असलं काही मानत नाही, तुला ठाऊक आहे. बैलाच्या पायात काळा दोरा बांधतात तो बांधू द्यायचो, मानत नव्हतो. पण चार माणसांना दिसेल असं दारात लिंबू बांधणारा वेगळा, आणि आतल्या खोलीत गाठी मारून ठेवणारा वेगळा. तुझ्या आईला फोटो दाखवला. ती म्हणाली, "छान विणलंय." तिला काय कळतंय!

त्या घरी जेवायला जातेस तेव्हा जरा बघत जा.

तात्या


घोडेगाव
२९ जानेवारी २०२५

चि. राजनंदिनीस,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. चार का होईना, मिळालं. तू लिहितेस: "तात्या, तुम्ही डेक्लनच्या आजींना थेट पत्र लिहिलंत? मला न विचारता? मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आता चौकशीत आणखी काय उरलं असेल तर तेही करून घ्या, पण मला लिहू नका."

लिहू नका म्हणालीस तरी लिहितो. संक्रांतीचा तिळगूळ तुझ्या वाटणीचा डब्यात आहे. दुसरं कोणाशी भांडू?

होय, लिहिलं. लग्नाच्या आमंत्रणाच्या कार्डावर त्यांच्या घराचा पत्ता होता, तो उतरवून घेतला. माझा विचार असा की पोरगं प्रेमात आहे, ते खरं सांगणार नाही, आणि तू प्रेमात आहेस, तुला खरं दिसणार नाही. राहिली म्हातारी. म्हातारं माणूस म्हाताऱ्या माणसाशी सहसा खोटं बोलत नाही, तेवढा वेळ उरलेला नसतो.

काय लिहिलं तेही सांगतो. बाजारात विचारतात तेच, दुसरं मला येत नाही. घर मूळचं कुठलं? आजवर किती हात बदलले, म्हणजे किती गावं बदलली? मूळ जागा का सोडली? खायला-प्यायला कसं? स्वभाव शांत का? घरातल्या पुरुषांनी कधी कोणावर हात टाकलाय का? काही खोड असल्यास आधी सांगावी.

विजयमालाबाईंनी पेन खाली ठेवलं. "तात्या, हे मी इंग्रजीत घातलं तर ती बाई पोलिसात देईल."

म्हटलं, "मऊ करून लिहा."

"कसं मऊ करू? 'आपल्या घरातले पुरुष मारके आहेत का' याला मऊ शब्द कोणता?"

तरी लिहिलं त्यांनी. गवताच्या गाठीचंही विचारलं. आता तुझी आई सांगते, मॉरीनबाईंनी ते पत्र फ्रिजवर चिकटवून ठेवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतात. हसतात की चिडतात, ते मात्र तू तिला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर माझी झोप तरी झाली असती.

नंदे, तू माझ्यावर रागाव, पण हा संशय आभाळातून पडलेला नाही. तू तीन वर्षांची होतीस, आईच्या कडेवर. ती एसटीतून उतरली तेव्हा डावा हात पदरानं गळ्यात बांधलेला होता, आणि उजव्या हातात तू. त्या दिवसापासून मी कोणत्याही घराच्या दारावर विश्वास ठेवत नाही. ज्याला एकदा फसवलंय तो ताकही फुंकूनच पिणार.

उत्तर येईपर्यंत पासपोर्टचा फॉर्म फडताळात आहे.

तात्या


घोडेगाव
१९ फेब्रुवारी २०२५

चि. राजनंदिनीस,

मॉरीनबाईंचं उत्तर आलं. तीन पानं, शाईच्या पेनानं. विजयमालाबाईंनी मला वाचून दाखवलं, मग मी त्यांच्याकडून मराठीत उतरवून घेतलं. तुझ्यासाठी इथं नकलून काढतो. तुला यातलं बरंचसं ठाऊक आहे, हे मला त्यातूनच कळलं.

"श्री. रंभाजी," मॉरीनबाई लिहितात, "तुमचे प्रश्न मला आवडले. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी एवढंच विचारलं होतं की मुलगा पितो किती. आमच्या घरातल्या पुरुषांनी बायकांवर हात टाकलेला मला माहीत नाही. टाकला असता तर स्वयंपाकघर माझं आहे आणि तवाही माझाच आहे.

"आता खोड. पॅट्रिक १८४४ साली आला. त्या वर्षी इथल्या खाणींवर मोठा संप चालला होता. कामगारांची घरं मालकाची, म्हणून मालकानं संपवाल्यांना घराबाहेर काढलं. बायका-पोरं रस्त्याच्या कडेला, खाटा आणि कपाटं उभी करून त्यांच्या आडोशाला राहिली. आणि त्यांच्या जागी काम करायला मालकानं आयर्लंडहून माणसं आणली. पॅट्रिक त्यातला. त्याला संपाचं कोणी सांगितलं नव्हतं, असं आमच्या घरात म्हणतात. ते खरं की सोयीचं, मला माहीत नाही. त्याला एक घर दिलं. तो आत गेला तेव्हा चुलीतली राख अजून गरम होती. एवढं त्यानं मरताना मुलाला सांगितलं.

"संप मोडला. पुढं काही वर्षांनी कोणी गाव विचारलं की तो म्हणू लागला, मी इथलाच. शिरगणतीवाल्यालासुद्धा. तुम्ही विचारलेली गाठ म्हणजे लव्हाळ्याची फुली. आयर्लंडची रीत आहे, दर फेब्रुवारीच्या एक तारखेला नवी विणायची आणि दाराला लावायची, घर सुखरूप राहतं. पण पॅट्रिक ती शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून कोळशाच्या खोलीत लावायचा. ती बाहेर स्वयंपाकघरात आणली माझ्या नवऱ्यानं. जुन्या आम्ही टाकत नाही.

"आणखी एक. माझ्या आईकडचे लोक त्या रस्त्याकडेला बसलेल्यांपैकी होते. लग्नाच्या आदल्या आठवड्यात सासूनं मला कोळशाच्या खोलीत नेलं, फुल्या दाखवल्या, सगळं सांगितलं आणि म्हणाली, 'आता परत जायचं असेल तर जा, कोणी तुला नावं ठेवणार नाही.' मी गेले नाही. पण मला जाता आलं असतं, हे मी साठ वर्षांत विसरले नाही. आमच्या घराची ही एकच रीत आहे. येणाऱ्या मुलीला घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं खोड आधी सांगायची. राजनंदिनीला मी सप्टेंबरातच त्या खोलीत नेलं होतं. ती तुम्हाला बोलली नसेल, कारण ते सांगायचं काम माझं आहे.

"मी सांगितलं. आता तुमची पाळी. तुमच्या घराची अशी कोणती गोष्ट आहे, जी माझ्या नातवाला लग्नाआधी माहीत असावी?"

पत्र संपलं. खोटं कशाला बोलू, मी मांडीवर थाप मारली. म्हटलं, "बघा! म्हणालो नव्हतो? गाव लपवणारा माणूस! संप फोडायला आलेला निघाला!"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तात्या," म्हणाल्या, "शेवटची ओळ परत वाचू का?"

मी म्हटलं, "राहू द्या. आमच्या घरात काय असणार?"

पत्र इथंच संपवून टाकणार होतो.


२१ फेब्रुवारी

हे पाकीट दोन दिवस तसंच उघडं पडलं होतं. आज पुढं लिहितो.

तुझ्या आईचं लग्न ठरलं तेव्हा राहुरीजवळ त्यांच्या वस्तीवर मी एकटा घर बघायला गेलो होतो. पाटाचं पाणी, बारा एकर, दावणीला चार खोंडं. मी खोंडांचे दात बघितले, गोठ्याची जमीन बघितली. मुलाची आत्या झुंबरबाई तिथंच राहायची, टाकलेली बाई. तिनं तांब्या दिला, आणि मी पाणी पीत असताना गोठ्याकडं तोंड करून म्हणाली, "पाव्हणं, पोराचा हात लई उठतो, बाईमाणसावर बी. आदीची सोयरीक त्याच्यापायीच मोडली. मी सांगितलं म्हनू नगा."

मी तांब्या खाली ठेवला आणि म्हटलं, "लग्न झाल्यावर सुधरतात पोरं."

ती म्हणाली, "बैल सुधरतो व्हय? तुमीच सांगा, तुमी दलाल."

मी घरी आलो. तुझी आजी, तुझी आई उंबऱ्यात उभ्या होत्या. मी सांगितलं, "घर सोन्यासारखं आहे." सुपारी फुटली होती, चार गावांत शब्द गेला होता. रंभाजी दलालानं हात दिला आणि मागं घेतला, असं बाजारात कोणी म्हणायला नको होतं. एवढ्यासाठी.

म्हणजे आपण फसवले गेलो नाही, नंदे. 'फसवले गेलो, फसवले गेलो' असं मी तुला, तू सत्तावीस वर्षांची होईपर्यंत, सांगत आलो. मला कोणी फसवलं नाही. मला खोड ठाऊक होती.

बाजारात मारका बैल मारका म्हणून विकला तर घेणारा वेसण घट्ट धरतो, पोरांना गोठ्यात जाऊ देत नाही. लपवून विकला तर तो बिचारा पाठ फिरवून वैरण टाकायला जातो. मी परक्याला असला बैल कधी विकला नाही. माझ्या लेकीला मात्र पाठ फिरवून आत पाठवलं. मॉरीनबाईच्या सासूनं परक्याच्या पोरीला सांगितलं, 'जायचं तर जा.' मी माझ्या पोरीला ते म्हणालो नाही.

तुला लिहायच्या आधी हे तुझ्या आईला सांगायला हवं होतं. आज सकाळी ती ओसरीवर मटकी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि झुंबरबाईच्या तांब्यापासून सगळं सांगितलं. ती मटकी निवडतच राहिली.

मग म्हणाली, "तात्या, झुंबरआत्यानं मला लगीन झाल्यावर तिसऱ्या महिन्यातच सांगितलं हुतं. पाठीला हळद लावता लावता. 'तुझ्या बापाला म्या बोलले हुते गं.'"

म्हटलं, "मुक्ते, तीस वर्षं तुझ्या पोटात हाय हे?"

"तुमच्या पोटात हुतं तेवढीच."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी कधी सांगताय, म्हणून थांबले."

आणि मटकीचं ताट माझ्यासमोर सरकवून उठली. जाता जाता म्हणाली, "खडे तेवढे बघा. पारख चांगली हाय तुमची."

ताट निवडलं. दोनदा निवडलं. एवढी वर्षं ती माझ्याशी कामापुरतं का बोलते, हे मी तिच्या नशिबावर ढकलत होतो.

तर बाळ, आमच्या घराची खोड ही. सोबत मॉरीनबाईंच्या नावाचं पाकीट आहे. सगळं लिहिलंय, मऊ न करता, दुपारी नेवाशाला गेलो, विजयमालाबाईंनी इंग्रजी करून दिलंय. या खेपेला त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. पाकीट चिकटवलेलं नाही, तू आधी वाच. वाचून त्यांना द्यावंसं वाटलं नाही तरी दे. सांगायचं काम घरातल्या म्हाताऱ्याचं, हे त्यांचंच म्हणणं आहे, आणि डेक्लनलाही कळू दे की तो कोणाच्या घरात येतोय. त्याला परत जायचं असेल तर कोणी नावं ठेवणार नाही.

पासपोर्टचा फॉर्म सही करून ठेवलाय, तुझ्या आईचाही. पण तो मी अजून दिलेला नाही. चौकशीला पोलीस घरी येतो म्हणे. तो जे विचारेल त्याची भीती नाही. या खेपेला खरी चौकशी तुमच्याकडं आहे.

तब्येतीला जप. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण मॉरीनबाई ते पत्र वाचून काय म्हणाल्या, तेवढं लवकर लिही. या म्हणाल्या तर या, नका म्हणाल्या तर नका, जे म्हणतील ते तसंच लिही. मऊ करू नकोस.

तुझा,
तात्या